जुळाऱ्याचा खांदा

जुळाऱ्याला जुळारी का म्हणतात, हे ठाण्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला एकदा समजावून सांगावं लागे, कारण त्याच्याकडे बघून कुणाला पत्ता लागला नसता. माणूस आडदांड. दारातून आधी पोट आत यायचं आणि मागून सावकाश तो. त्याची खुर्ची तो बसला की कुरकुरायची आणि उठला की सुटले बुवा म्हणायची. असला गडी नाजूक जुळवाजुळवीच्या कामाचा असेल, असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण जंगलाच्या कडेच्या त्या वनरक्षकांच्या ठाण्यात काडतुसांच्या सोयरिकी जमवण्याचं काम अर्धं आयुष्य तोच करत आला होता.

सोयरीक म्हणजे काय, तर वनरक्षक गस्तीला निघताना बंदुकीत दोन जातींची काडतुसं भरतात, एकाआड एक. एका जातीत वाटाण्याएवढे छर्रे असतात. ठाण्याच्या बोलीत ती 'पोरं'. दुसऱ्या जातीत शिशाची एकच गोळी, अंगठ्याएवढी जाड, तो 'बाप'. रानडुक्कर जवळून अंगावर आलं तर पोरं पुरतात. अस्वलासारखं दांडगं जनावर असेल, किंवा जरा लांब असेल, तर बाप लागतो. पंचाईत अशी, की एकाच नळीतून आणि एकाच नेमाने सोडले तरी बाप आणि पोरं एकाच जागी जातील याचा भरवसा नाही. पोरं मधोमध बसतात आणि बाप त्यांच्या डोक्यावरून वीतभर वर निघून जातो, किंवा याच्या उलट. ठाण्याच्या बंदुकांना नेम धरायला नळीच्या टोकाशी एक पितळी मणी असतो, बाकी फिरवायला-सरकवायला काही नाही. तेव्हा बंदुकीला दोष देऊन उपयोग नसतो, काडतूसच बदलावं लागतं. जनावर अंगावर आलं की माणसाची पाचावर धारण बसते. आता नळीत बाप आहे की पोरं, हे आठवायला सवड कुणाला? म्हणून असा बाप आणि अशी पोरं शोधायची, की नळीत कोण आहे हे विसरून गेलं तरी चालावं.

हे काम जुळारी कसं करायचा, ते बघण्यासारखं होतं. मालाची नवी खेप आली की तो ठाण्यामागच्या पटांगणात जायचा. तिथे एका टोकाला मातीचा उंच बांध, बांधासमोर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर ठोकलेले पुठ्ठे. दुसऱ्या टोकाला पत्र्याचं छप्पर आणि एक बाक. जुळारी उभा राहायचा, बंदूक खांद्याला लावायचा, आधी पोरं सोडायचा, मग बाप, आणि रमतगमत पुठ्ठ्यापाशी जाऊन भोकांवर आपला पंजा ठेवून बघायचा. सगळी भोकं एका पंज्याखाली मावली तर सोयरीक पक्की. नाही मावली तर "हे काही एका घरात नांदायचे नाहीत" असं म्हणून तो डबा बाजूला टाकायचा. जमलेल्या डब्यांवर तो पिवळ्या रंगाचा एक जाड फराटा ओढायचा. फराटा नसलेला डबा गस्तीवर न्यायचा नाही, ही ठाण्याची रीत, आणि जुळाऱ्याचा फराटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यावर कुणी शंका घेतली नव्हती. घेतली असती तर स्वारीला सोसलंही नसतं. तसा तो शांत, पण कामाच्या बाबतीत भलताच तिखट होता.

आणि अशा माणसाची सून नेमबाजीच्या चाचणीत दोनदा नापास झाली होती.

सून अंगाने मूठभर. आधी ती जंगलाच्या नाक्यावर परवाने द्यायच्या खिडकीत बसायची. खिडकीतून झाडं बघून बघून तिला राहवेना, म्हणून तिने वनरक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला आणि धावणं, चढणं, ओझं वाहणं यांत भल्याभल्यांना मागे टाकून ती आत आली. गस्त तिच्या अंगात भिनली. संध्याकाळी ती मोज्यांना कुसळं चिकटवून घरी यायची आणि सासूच्या शिवणयंत्राशेजारी जमिनीवर बसून एकेक कुसळ उपटत दिवसभराचं सांगायची. अस्वलाची मादी हल्ली कुठल्या झाडाला पाठ घासते, ओढ्याचं पाणी कुठे आटलं, कुणाची शेळी चुकून कुठवर गेली. सासूला अस्वलांत काडीचा रस नव्हता, पण सुनेच्या सांगण्यात होता. सून बोलायला लागली की तिचं यंत्र आपोआप हळू चालायचं.

चाचणीचा नियम सरळ होता. पुठ्ठ्यावर काढलेल्या वर्तुळात पोरंही बसली पाहिजेत आणि बापही. दोनदा नापास झालेल्याला तिसरी संधी, आणि तीही गेली की बंदूक जमा करायची आणि बदली थेट मुख्य कचेरीच्या कोठारात, दूर शहरात. सुनेची पोरं दोन्ही वेळा वर्तुळात झकास बसली होती आणि बाप दोन्ही वेळा वर्तुळाच्या डोक्यावरून गेला होता. तिसरी चाचणी आता पुढच्या आठवड्यावर आली होती.

"मला तिथे बूट आणि ताडपत्र्या मोजायला बसवतील," ती नवऱ्याला सांगत होती. "आयुष्यभर. खिडकीतून झाडंसुद्धा दिसणार नाहीत."

जुळाऱ्याचा मुलगा विजेच्या तारा दुरुस्त करायच्या खात्यात होता. तो म्हणाला, "तारा तिकडेही तुटतात. मी येईन तुझ्याबरोबर."

"तू येशील रे. जंगल येणार आहे का?"

शेजारच्या खोलीत जुळारी बूट काढत बसला होता. त्याने हे ऐकलं आणि सोडलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली. मुलगा-सून गेल्यावर घर खायला उठेल, हे तर होतंच. पण हिची गस्त जाणार, याचं त्याला जास्त लागलं. गस्तीवाचून ही मुलगी कशी दिसेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिला पटांगणात घेऊन गेला. घरी ती त्याला बाबा म्हणायची, पण ठाण्याच्या फाटकातून आत शिरलं की इतरांसारखंच 'काका'. हा तिचाच आग्रह. आपण वशिल्याच्या आहोत असं कुणी म्हणू नये, म्हणून.

तिने पोरं सोडली. पुठ्ठ्याच्या मधोमध. तिने बाप सोडला. वर.

"दचकतेस," जुळारी म्हणाला. "पोरांच्या वेळी नाही. बापाच्या वेळी दचकतेस. धक्का बसणार हे मनात असतं, म्हणून चाप ओढायच्या आधीच अंग चोरतेस."

"असेल, काका."

"असेल काय? आहे."

खरं तर दचकणाऱ्या माणसाची गोळी बहुतेक वेळा खाली जाते, हे जुळाऱ्याइतकं पक्कं ठाण्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. हिची वर जात होती. पण ही काहीतरी उलट्या तऱ्हेने दचकत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घालून टाकली. माणसाला आपल्या फराट्यावर शंका घ्यायची नसली की त्याला काय वाटेल ते पटतं.

तिचं दचकणं तिच्या पदरात घालावं, म्हणून त्याने जुनीच युक्ती केली. बंदूक तिच्याकडून घेतली, पाठमोरा होऊन स्वतः भरली आणि बापाच्या जागी तसंच दिसणारं एक पोकळ काडतूस घातलं. पोकळ काडतुसावर चाप ओढला की नुसतं 'कट्' होतं, आणि दचकणाऱ्याची नळी तेवढ्यात झटकन खाली लवते. चोरी उघडी पडते.

सुनेने पोरं सोडली, पुढचं काडतूस आत घ्यायला नळीखालचा पंप मागेपुढे केला, नेम धरला, चाप ओढला. कट्. नळी तसूभरही हलली नाही. भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी जिथल्या तिथे. सुनेची पापणीसुद्धा लवली नव्हती.

"रिकामं होतं?" तिने मान वळवून विचारलं.

"हं," जुळारी म्हणाला.

ती गेल्यावर तो बाकावर बसून राहिला. पोरगी दचकत नाही. मग बंदुकीतच खोट असणार. फराट्याकडे अजूनही त्याचं मन वळत नव्हतं. बंदूक तपासायची तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन बघायला हवी, म्हणून त्याने फुंकरला हाक मारली.

फुंकर हा ठाण्यातला सगळ्यात जुना वनरक्षक आणि जुळाऱ्याचा जिवलग. जोराची फुंकर मारली तर उडून जाईल असा सडसडीत, म्हणून हे नाव. डाव्या पायाने जरा लंगडायचा. काही वर्षांमागे गस्तीवर दगडावरून घसरून पडला होता. एक पहाड आणि एक काडी असे दोघं शेजारी उभे राहिले की बघणाऱ्याला हसू आवरत नसे.

"सुनेची बंदूक आहे," जुळारी म्हणाला. "पोरं सोड, बाप सोड. बघू कुठे जातात."

फुंकरने बंदूक उचलली. पोरं मधोमध. मग त्याने पंप ओढला, दम घेतला, आणि बापही मधोमध. पोरांच्या घोळक्यात बाप असा बसला होता की फोटो काढून ठेवावा.

पण जुळारी पुठ्ठ्याकडे बघतच नव्हता. तो फुंकरच्या शेजारी उभा होता, आणि त्याचे डोळे नळीच्या टोकावर होते. दुसऱ्या बाराच्या आधी नळीचं टोक हळूच, सराईतपणे खाली आलं होतं.

"पुन्हा सोड," जुळारी म्हणाला.

फुंकरने पुन्हा सोडली. पोरांच्या वेळी नळी सरळ, बापाच्या वेळी टोक खाली.

"तू खाली का धरलंस?"

"कुठे?"

"मला डोळे आहेत. बापाच्या वेळी तू वर्तुळाच्या खालच्या कडेवर नेम धरलास. का?"

फुंकरने बंदूक मोकळी केली, बाकावर ठेवली, खिशातून फडकं काढून उगीचच हात पुसले. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "सगळेच धरतात."

"सगळे म्हणजे?"

"आम्ही सगळे बारके. बाप सोडताना पट्ट्यावर, म्हणजे कमरेएवढं खाली धरायचं, हे आम्ही नव्याला पहिल्याच दिवशी सांगतो. तू आणि ते दोघं-तिघं दांडगे, तुमचं बरोबर जातं. आमचा बाप वर जातो. नेहमीच जात आलाय."

जुळारी तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. त्याच्या फराट्याखालचे डबे अर्ध्या ठाण्याला लागू पडत नव्हते, आणि अर्धं ठाणं मूग गिळून, नेम खाली धरून, चाचण्या पास होत होतं.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुला सांगायचं?" फुंकर हसला, पण ते काही खरं हसू नव्हतं. "तू एवढा जीव ओतून जुळवतोस. तो पंजा ठेवून बघतोस, मान डोलवतोस, फराटा ओढतोस. तुझं तोंड बघून कुणाची जीभ उचलत नाही. आणि निभत होतं की आमचं."

"निभत होतं?" जुळाऱ्याचा आवाज चढला. "आणि जंगलात? जनावर अंगावर आल्यावर नळीत बाप आहे की पोरं, हे लक्षात राहतं तुमच्या?"

फुंकरचा हात नकळत डाव्या पोटरीवर गेला. तो हात तिथे गेलेला जुळाऱ्याने पाहिला आणि त्याच्या अंगातली सगळी उष्णता उतरली.

"दगडावरून घसरला होतास ना तू?"

"नाही," फुंकर म्हणाला. "डुक्कर होतं. मला वाटलं नळीत बाप आहे, म्हणून खाली धरलं. होती पोरं. सगळी मातीत गेली, आणि तोवर ते पोचलं. आता जाऊ दे. जुनी गोष्ट झाली."

जुळारी त्याच्या शेजारी बाकावर बसला. मग जुळाऱ्याने विचारलं, "आणि माझ्या सुनेला? तिला का नाही सांगितलं पट्ट्यावर धरायला? नव्याला पहिल्याच दिवशी सांगता ना?"

"तुझी सून ती. तिला सांगितलं तर संध्याकाळी जेवताना तुला कळणार, असं वाटलं सगळ्यांना." फुंकरने मान खाली घातली. "आणि आमच्यातले काही म्हणाले, जुळाऱ्याच्या घरातली आहे, तिला आपण काय शिकवायचं."

म्हणजे सगळ्या ठाण्यात जुळाऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारी ती एकटीच होती. तो मधोमध धर म्हणाला, ती मधोमध धरत राहिली आणि नापास होत राहिली. हे लक्षात आलं तेव्हा एवढ्या मोठ्या देहाच्या त्या माणसाला आपलं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको शेजारपाजारचे कपडे शिवायची. त्या वेळी ती कुणाचा तरी सदरा खांद्यात आत घेत होती, आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला मधे बोलता येत नव्हतं. म्हणून जुळाऱ्याचं सांगणं एकदाचं शेवटपर्यंत झालं. मग तिने टाचण्या काढल्या.

"म्हणजे तुम्ही तुमच्या अंगाला लावून बघायचात, तुम्हाला बसलं की सगळ्यांना तेच?"

"तसंच म्हणायचं."

"अहो, मी तुमच्या मापाने अख्ख्या ठाण्याचे सदरे शिवले असते तर?"

जुळाऱ्याला त्याही स्थितीत हसू आलं. फुंकर त्याच्या सदऱ्यात उभा आहे आणि बाह्या जमिनीवर लोळताहेत, असं चित्र त्याला दिसलं. पण बायकोने अगदी मर्मावर बोट ठेवलं होतं. बाप जड, त्याचा धक्का दांडगा. गोळी नळीबाहेर पडायच्या आतच त्या धक्क्याने नळीचं टोक उचलायला लागतं. जुळाऱ्याच्या खांद्यामागे मात्र अख्खा जुळारी उभा होता. तिथे नळीची काय बिशाद. हलक्या खांद्यावर तेच टोक उचलत होतं आणि बाप वर जात होता. इतकी वर्षं तो बंदुका तपासत होता, मणी तपासत होता, बारूद तपासत होता. खांदा तपासायचा असतो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सून घरी आली, मोजे काढायला बसली, तेव्हा त्याने आधी सोपी वाट धरून पाहिली.

"हे बघ पोरी, चाचणीत बापाच्या वेळी जरा खाली धर. वर्तुळाच्या खालच्या कडेवर. पास होशील."

सुनेने मान वर केली. "का?"

मग त्याला सांगावंच लागलं. फुंकरचं, बारक्यांचं, पट्ट्याचं, डुकराचं, सगळं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मोज्यांकडे बघत होता.

"सगळ्यांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"मला नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं, आणि मला नव्हतं." ती उठून उभी राहिली. "बाबा, पहिल्यांदा नापास झाले तेव्हापासून मी रोज आरशासमोर केरसुणी खांद्याला लावून उभी राहते. दचकायचं नाही म्हणून. तुमचे चिरंजीव मागून येऊन माझ्या कानाशी टाळी वाजवतात, आणि मी पापणी मिटायची नाही. रोज. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

जुळाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्याला जागा नव्हती आणि त्याने लपवलंही नाही. "चूक माझी होती," तो म्हणाला. "तुझ्यात काही खोट नाही."

"आणि मी खाली धरणार नाही," सून म्हणाली. "चाचणीपुरतं धरीन, पास होईन, आणि मग जंगलात? माझी पण पोटरी जाऊ दे?"

सासूने यंत्र थांबवलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत ना? आता माप घ्या."

दुसऱ्या दिवशी जुळाऱ्याने कोठारातली सगळी कपाटं उपसली. गेल्या काही वर्षांत त्याने नापसंत करून ठेवलेले डबे अगदी खालच्या फळीवर धूळ खात पडले होते. त्यांत एक मवाळ बाप होता. बारूद बेताची, धक्का सौम्य. जुळाऱ्याच्या हातून तो पोरांच्या पायाशी जाऊन पडायचा, म्हणून "मिळमिळीत" म्हणत त्याने तो नाक मुरडून बाजूला टाकला होता. तो त्याने सुनेच्या हातात दिला.

"मी नाही सोडणार," तो म्हणाला. "तूच सोड. मी नुसता बघतो. धर मधोमध."

पोरं मधोमध गेली. मिळमिळीत बाप त्यांच्या घोळक्यात जाऊन बसला. तिने पुन्हा सोडला, तो तिथेच. ती पुठ्ठ्यापाशी गेली आणि तिने भोकांवर आपला पंजा ठेवला. तो छोटासा पंजा, पण सगळी भोकं त्याच्याखाली झाकली गेली. ती तिथेच पाठमोरी उभी राहिली, आणि तिचे खांदे हलताहेत हे जुळाऱ्याला लांबून दिसलं. तो मुद्दाम छपराकडे बघत राहिला.

आता एकच अडचण उरली, आणि ती बारीक नव्हती. चाचणीत फराट्याचंच काडतूस वापरायचं, असा नियम होता. मिळमिळीत बापावर फराटा नव्हता. गुपचूप एक ओढला असता तर कुणी विचारलं नसतं. काळ्या दगडावरची रेघच ती. तसा हात त्याचा रंगाच्या डब्याकडे गेलाही. पण फुंकरची पोटरी त्याला आठवली, आणि तो रंगाचा डबा तसाच काखोटीला मारून ठाण्याच्या मॅडमकडे गेला.

मॅडम ठाण्याच्या प्रमुख. कमी बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं आपण चाचणी घेत होतो ती तुमच्या खांद्याची?"

"हो."

"हे सगळ्यांसमोर सांगाल?"

जुळाऱ्याला याचीच धास्ती होती. पण तो "सांगेन" म्हणाला.

चाचणीच्या सकाळी सगळे वनरक्षक पटांगणात जमले तेव्हा जुळारी छपराखाली उभा राहिला. भाषणाची त्याला सवय नव्हती. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"माझे फराटे चुकलेत," तो म्हणाला. "म्हणजे माझ्यासाठी बरोबर आहेत. तुमच्यातल्या बारक्यांसाठी चूक आहेत. हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही, ते माझ्या भिडेपोटी. पण भिडेपोटी एकाचा पाय अधू झाला. आजपासून प्रत्येकाने आपल्या खांद्यावर आपली सोयरीक स्वतः बघायची. मी शेजारी उभा राहीन. आणि पट्ट्यावर धरायचं बंद."

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मग मागून फुंकर म्हणाला, "एवढं बोललास, आता बस जरा, नाहीतर छप्पर पडेल," आणि सगळे एकदम हसले. जुळाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

सुनेची पाळी आली. मॅडमनी मिळमिळीत बापाला परवानगी दिली होती. ती उभी राहिली, पाय जरा फाकवले, बंदूक खांद्याला लावली. पोरं. पंप. बाप. पोरं. पंप. बाप. प्रत्येक वेळी नळी त्याच जागी, सरळ, मधोमध. मॅडम स्वतः पुठ्ठ्यापाशी गेल्या, वाकून बघितलं, आणि तिथूनच मान डोलवली. सुनेने बंदूक मोकळी करून बाकावर ठेवली आणि पहिल्यांदा ठाण्याच्या फाटकाच्या आत तिच्या तोंडून "बाबा" निघालं. वशिल्याचं कुणी नाव काढलं नाही.

त्यानंतर पटांगणात काही दिवस जत्रा भरली. बारके, दांडगे, मधले, सगळे आपापली बंदूक घेऊन बाकापाशी रांग लावू लागले. जुळारी जुन्या डब्यांवरचे फराटे टरपेंटाइनच्या फडक्याने पुसत बसायचा आणि पुसता पुसता ज्याची पाळी असेल त्याची नळी बघायचा. फुंकरला त्याने दुसरा एक मिळमिळीत बाप शोधून दिला. "तुझ्यासारखाच," म्हणाला. फुंकरने तो सोडला आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा मधोमध धरूनही मधोमध लागलेला बघून तो लहान पोरासारखा खूश झाला.

काही महिन्यांनी मालाची नवी खेप आली. जुळाऱ्याने आता नवी रीत घातली होती. खेप आली की ठाण्यातल्या सगळ्यांत हलक्या माणसाला बोलवायचं, त्याच्या हातून सोडायला लावायचं आणि मग डबे वेगळे करायचे. या वेळी सून लांबच्या गस्तीवर होती, म्हणून फुंकरच्या हातून त्याने बघून घेतलं आणि हलक्या खांद्यांचे डबे एका फळीवर मांडून ठेवले. जमले होते. त्याची खात्री होती.

सून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी पुन्हा निघायची होती. ती कोठारात आली, तेव्हा जुळाऱ्याने त्या फळीवरचा एक डबा उचलून तिच्या हातात दिला.

"फुंकरने बघितलाय. मीही बघितलाय. बरोबर आहे."

"हो काका," सून म्हणाली, आणि डबा पिशवीत न घालता ती मागच्या दाराने पटांगणाकडे गेली.

कोठारातल्या दोघा-तिघांचे हात डब्यांवरच थांबले. स्वतः बघायचं ही रीत त्याचीच, पण जुळारी समोर उभा राहून सांगतो आहे, बरोबर आहे म्हणून, आणि तरी ही बघायला निघाली. पूर्वी असं कुणी केलं असतं तर स्वारीने आठवडाभर अबोला धरला असता. जुळारी तिच्या मागोमाग छपराखाली येऊन उभा राहिला.

तिने पोरं सोडली, बाप सोडला. मग पुठ्ठ्यापाशी जाऊन पंजा ठेवला, पुन्हा ठेवला, आणि परत आली.

"बोटभर वर जातोय, काका. फुंकरकाकांना चालत असेल. मला नको हा. दुसरा द्या."

जुळाऱ्याला लागलं. लागलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. इतक्या वर्षांत त्याच्या हातातला डबा त्याला कुणी परत केला नव्हता. पण त्याच्याही वर, त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. ही आज जंगलात जाईल, अस्वलाच्या वाटेने जाईल, आणि कुणाच्याही शब्दावर जाणार नाही, त्याच्यासुद्धा नाही. आता तिची काळजी करायचं त्याला तितकंसं कारण उरलं नव्हतं.

तो आत गेला, फळीवरचा दुसरा डबा घेऊन आला, तिच्या हातात दिला, आणि तोही ती सोडून बघेपर्यंत तिच्या शेजारी उभा राहिला.